स्वस्त अवजारें आणि गांवचा बाजार

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत खेड्यांच्या दारिद्र्याविषयीं बोलणें निघालें म्हणजे एक प्रश्न बहुधा ऐकूं येतो: शास्त्र एवढें पुढें गेलें आहे, तर गरीब शेतकऱ्याला परवडेल असें एखादें यंत्र शास्त्रज्ञांनीं कां शोधून काढूं नये? या प्रश्नांत सदिच्छा आहे आणि कांहीं अंशीं सत्यहि आहे. परंतु यंत्र सांपडलें म्हणजे काम संपलें, अशी जी समजूत त्या प्रश्नामागें असते, ती अनुभवाला उतरत नाहीं. गेल्या सव्वाशें वर्षांत उपयुक्त अवजारें पुष्कळ निघालीं. शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोंचलीं तीं त्यांतलीं थोडीं. जीं पोंचलीं तीं कशीं पोंचलीं आणि त्या पोंचण्याचा खर्च कोणीं सोसला, हें पाहिलें म्हणजे या विषयाचा गाभा हातीं लागतो.

पहिलें उदाहरण महाराष्ट्राच्या ओळखीचें आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षकाची नोकरी केलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढें बेळगांवीं आपले बंधु रामूअण्णा यांच्यासह सायकलींचें दुकान चालवीत असत. तेथेंच त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र तयार केलें आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर काढला. देशी लांकडी नांगर जमीन चिरीत जातो. तो ती उलथून टाकीत नाहीं. त्यामुळें हरळी, कुंदा यांसारख्या चिवट तणांचीं मुळें खालीं जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर तण पुन्हां डोकें वर काढतें. लोखंडी नांगराला फाळाच्या मागें जें वक्र पातें असतें, तें कापलेली माती एका अंगाला पालथी घालतें. खालची माती वर येते, मुळें उन्हांत उघडीं पडून वाळतात, आणि पावसाचें पाणी जमिनींत खोल मुरतें. शेतकऱ्याला याहून अधिक काय हवें होतें?

तरीहि पहिले नांगर जवळजवळ दोन वर्षें पडून राहिले. लोखंडाच्या स्पर्शानें जमिनींत विष भिनतें, असें शेतकरी म्हणत. शहरी माणूस याला अडाणीपणा म्हणून मोकळा होईल. पण नांगरटीचा हंगाम वर्षांतून एकदां येतो. नवें अवजार फसलें तर वर्षाचें पीक जातें आणि सावकाराचें व्याज मात्र थांबत नाहीं. ज्याच्या घरीं पुढच्या सुगीपर्यंतचें धान्य मोजून ठेवलेलें असतें, त्याला प्रयोग करून पाहण्याची चैन परवडत नाहीं. तो शेजाऱ्याच्या शेतांतील नांगरट पाहतो, तेथें उभें राहिलेलें पीक पाहतो, आणि मगच कमरेचा कसा सोडतो. विषाची गोष्ट ही या सावधगिरीचीच भाषा होती.

दुसरी अडचण फाळाची. नांगराच्या सर्व भागांत फाळ लवकर झिजतो. विलायती नांगर घेतला, तर झिजलेल्या फाळाच्या जागीं नवा यावयाचा तो आगबोटीनें. ओतीव लोखंड गांवच्या लोहाराला ऐरणीवर घडतां येत नाहीं. तेव्हां सुटा फाळ जवळ मिळाला नाहीं, तर सगळा नांगरच अडगळींत पडतो. मुलखांतच ओतलेल्या नांगराचा खरा फायदा येथें होता. कारखाना जवळ, सुटे भाग जवळ, आणि तक्रार ऐकून घेणारा माणूसहि जवळ.

१९१० सालीं बेळगांवची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हां औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळची ओसाड जमीन आणि १०,००० रुपयांचें बिनव्याजी कर्ज दिलें. तेथें किर्लोस्करवाडी वसली. १९२० सालीं तेथूनच शंकरराव किर्लोस्कर यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें पत्र सुरू केलें. पुढें त्याचें प्रसिद्ध मासिक झालें. पण त्याचा उगम कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेण्याच्या गरजेंत होता. न खपलेल्या नांगरांची दोन वर्षें, बिनव्याजी भांडवल आणि छापील पत्र, या तिन्हींचा खर्च नांगराच्या वजनांत दिसत नाहीं. तो बाजार उभारण्याचा खर्च होय. कारखानदारानें आणि एका संस्थानिकानें तो सोसला नसता, तर नांगर चांगला असूनहि शेतांत गेला नसता.

यंत्र शोधण्याचा खर्च निराळा आणि बाजार उभारण्याचा खर्च निराळा, हें १९२९ सालच्या एका घोषणेवरून चांगलें कळतें. त्या वर्षीं अखिल भारतीय चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं १ लाख रुपयांचें बक्षीस लावलें. त्याच्या अटी मोठ्या मार्मिक होत्या. चरखा खेड्यांतील साध्या झोंपडींत हातानें किंवा पायानें चालविण्याजोगा असावा. स्त्रीला तो फारसे श्रम न होतां सलग ८ तास चालवितां यावा. त्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. नीट निगा राखल्यास तो २० वर्षें टिकावा. आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किंमतीच्या शेंकडा ५ हून अधिक होऊं नये. गरिबाला परवडणाऱ्या यंत्राचें याहून नेटकें वर्णन क्वचितच कोणीं केलें असेल. किंमतीबरोबर टिकाऊपणा, दुरुस्ती, अंगमेहनत आणि घरांतील जागा या सर्वांचा विचार त्यांत आहे. तरी तें बक्षीस कोणालाहि मिळालें नाहीं. आणि मिळालें असतें तरी पैसा शोधकाच्या पदरीं पडला असता. तो चरखा गांवोगांव तयार करणारे सुतार, तो शिकविणारे लोक आणि सुटे भाग ठेवणारीं दुकानें यांचा खर्च त्यानंतर उभा राहिलाच असता.

हा दुसरा खर्च जाणूनबुजून आणि हिशेब ठेवून कोणीं केला, याचें मोठें उदाहरण बांगलादेशांत सांपडतें. त्या देशाच्या वायव्येकडील रंगपूर व दिनाजपूर या भागांत पावसाळ्यांत पाण्याचा सुकाळ आणि पावसाळा सरल्यावर शेतें कोरडीं, अशी स्थिति असते. जमिनीखालीं मात्र थोड्याच हातांवर पाणी असतें. तें उपसण्याचीं एंजिनें त्या काळीं मोठ्या शेतकऱ्याच्याच आवाक्यांतलीं होतीं. एक-दोन एकरांच्या धन्याला त्यांचें नांव घेण्याची सोय नव्हती. १९७०-८० या दशकाच्या अखेरीस रंगपूर-दिनाजपूर ग्रामीण सेवा या संस्थेंत काम करणारे अभियंते गुन्नार बार्न्स यांनीं पायानें चालणारा एक पंप तयार केला.

त्याची रचना साधी आहे. पत्र्याचीं दोन नळकांडीं शेजारीं शेजारीं उभीं असतात आणि तळाशीं तीं एकाच नळीला जोडलेलीं असतात. ती नळी जमिनींत पाण्यापर्यंत गेलेली असते. प्रत्येक नळकांड्यांत एक दट्ट्या असून, दोन्ही दट्टे एका चाकावरून गेलेल्या दोरीनें एकमेकांशीं बांधलेले असतात. प्रत्येक दट्ट्याला बांबूची एक लांब पायपट्टी जोडलेली असते. माणूस आधाराच्या आडव्या बांबूला धरून त्या दोन पट्ट्यांवर उभा राहतो आणि जागच्या जागीं चालल्यासारखे पाय टाकतो. एक दट्ट्या खालीं जातो तेव्हां दुसरा वर येऊन पाणी ओढतो. त्यामुळें धार जवळजवळ अखंड राहते. हातपंपाला दंडाचें बळ लागतें आणि दंड लवकर भरून येतात. येथें मांड्यांचें बळ आणि अंगाचें वजन कामीं येतें, म्हणून पुरुष असो कीं स्त्री, एकटें माणूस हें काम बराच वेळ करूं शकतें. अशा एका पंपावर सुमारे अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे, जमीन भिजते.

जमिनींत घालावयाची नळीहि लोखंडाची न घेतां बांबूची करतां येत असे. बांबू कांहीं वर्षांत कुजतो. तेव्हां शहरांतील विचारी गृहस्थ विचारील, थोडे अधिक पैसे घालून टिकाऊ वस्तु कां घेऊं नये? ज्याच्यापाशीं आज अधिक पैसे आहेत त्याला हा सल्ला योग्यच आहे. ज्याच्यापाशीं नाहींत त्याला ते कर्जाऊ काढावे लागतात, आणि व्याज धरलें कीं टिकाऊ वस्तु महाग ठरते. बांबूच्या नळीनें एका हंगामांत आपली किंमत भरून काढली, तर पुढें ती कुजली तरी नुकसान होत नाहीं; तोंपर्यंत लोखंडी नळीचे पैसे शेतानेंच दिलेले असतात. ‘परवडणें’ या शब्दाला गरिबाच्या घरांत असा अर्थ आहे. पहिली रक्कम हातांतल्या पैशांत बसली पाहिजे, आणि ती त्याच हंगामांत घरीं परत आली पाहिजे.

या पंपाला गिऱ्हाईक मिळवून देण्याचें काम इंटरनॅशनल डेव्हलपमेंट एंटरप्रायझेस या संस्थेनें १९८५ च्या सुमारास हातीं घेतलें. तिचे संस्थापक पॉल पोलक हे अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं मनोविकारांवर उपचार करणारे डॉक्टर होते. त्यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘आउट ऑफ पॉव्हर्टी’ या पुस्तकांतील हिशेबाप्रमाणें नळी खोदून बसविलेला पंप सुमारे २५ डॉलरांना पडे, आणि अर्ध्या एकरावर शेतकऱ्याला वर्षाकाठीं सुमारे १०० डॉलरांची निव्वळ प्राप्ति होई. संस्थेनें पंप स्वतः तयार केले नाहींत, आणि फुकटहि वाटले नाहींत. पंप करण्यासाठीं सुमारे ७५ लहान कारखानदार, ते विकण्यासाठीं २,००० ते ३,००० गांवचे दुकानदार, आणि नळी खोदून पंप बसविण्यासाठीं सुमारे ३,००० कारागीर तिनें तयार केले.

या साखळींतील नळी खोदणाऱ्याचें काम सहज डोळ्यांआड होतें. बांबूची परांची उभारून एक नळी ओल्या मातींत खालींवर करावयाची. वर बसलेल्या माणसानें नळीच्या तोंडावर तळहात ठेवावयाचा आणि उचलावयाचा. त्याचा तळहात हीच झडप. प्रत्येक झटक्यासरशीं चिखल वर उसळतो आणि नळी खोल जाते. हा माणूस गांवांत नसेल, तर दुकानांतील पंप म्हणजे नुसतें लोखंड. कारखानदाराची कमाई, दुकानदाराचा नफा आणि खोदणाऱ्याची मजुरी, सर्व त्या २५ डॉलरांतच येत असे. रक्कम लहान होती. पण पंप नीट चालावा यांत प्रत्येकाचा स्वार्थ गुंतलेला होता, कारण एकाच्या शेतांतील पंप बिघडला तर त्या आळींतलें पुढचें गिऱ्हाईक गेलेंच.

मात्र यांपैकीं कोणालाहि लोकांना पंप दाखविण्याचा खर्च झेपण्याजोगा नव्हता. एखाद्या दुकानदारानें पदरचे पैसे घालून चार गांवांत प्रात्यक्षिक केलें, तर त्याचें गिऱ्हाईक शेजारच्या दुकानांतहि जाणार. मग त्यानें पैसे घालावे कशाला? प्रत्येकजण असाच विचार करतो, आणि सर्वांच्या हिताचें काम कोणाच्याच हातून होत नाहीं. संस्थेनें देणगीदारांकडून मिळालेला पैसा नेमका या खळग्यांत घातला. गाणीं म्हणणारे लोक बाजारच्या दिवशीं पाठविले, सजविलेल्या रिक्षांच्या मिरवणुकी काढल्या, शेतांत प्रात्यक्षिकें केलीं. एक प्रेमकथेचा बोलपटहि काढला. त्यांत गाणीं होतीं, प्रेमिकांच्या वाटेंतील विघ्नें होतीं, आणि पायपंपहि होता. उघड्या मैदानांत तो पाहण्यास हजारों लोक जमत. पंप मात्र त्याच्या पुऱ्या किंमतीला विकला जाई. पोलक यांच्या सांगण्याप्रमाणें अशा रीतीनें बांगलादेशांत १५ लाख पंप खपले.

देणगीचा पैसा यंत्राच्या किंमतींत घातला आणि बाजार उभारण्यांत घातला, तर दोहोंचे परिणाम फार वेगळे होतात. फुकट किंवा अर्ध्या किंमतींत यंत्रें वाटलीं म्हणजे पहिल्या वर्षीं आंकडे मोठे दिसतात. परंतु जो दुकानदार तेंच यंत्र पुऱ्या किंमतीला विकीत होता, त्याचें दुकान त्या दिवशीं बसतें. शेतकरीहि पुढच्या वाटपाची वाट पाहत हात आंखडता घेतो. वाटप संपतें, यंत्र बिघडतें, आणि तें दुरुस्त करणारा माणूस तोंवर दुसऱ्या धंद्याला लागलेला असतो. शिवाय फुकट मिळालेली वस्तु शेतकऱ्याला खरोखर हवी होती कीं नाहीं, हें देणाऱ्याला कधींच कळत नाहीं. विकत घेणारा माणूस मात्र आपलें मत रोख पैशांत देतो.

एका मुलखांत लागू पडलेलें यंत्र दुसऱ्या मुलखांत लागू पडेलच असें मात्र नाहीं. पायपंप पाणी ओढतो असें म्हणतात; वस्तुतः दट्ट्या नळींतील हवा विरळ करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. तो दाब सुमारे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरूं शकतो. व्यवहारांत ७ मीटरांहून खोल असलेलें पाणी या पंपाला येत नाहीं. म्हणून बिहार, बंगाल, आसाम आणि उत्तर प्रदेशाचा पूर्वभाग या गाळाच्या प्रदेशांत तो उपयोगी पडला. दख्खनच्या काळ्या पाषाणांतील खोल विहिरींपुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. तेथें मोट स्वतः खालीं उतरून पाणी भरून आणीत असे, म्हणूनच ती शतकानुशतकें टिकली. जें यंत्र रंगपूरला वरदान, तेंच नगर-सोलापूरकडे निरुपयोगी. आणि हा निर्णय यंत्राच्या स्वस्ताईवर अवलंबून नाहीं, जमिनीखालच्या पाण्याच्या पातळीवर आहे.

काळाचीहि मर्यादा असते. १९८८ च्या सुमारास बांगलादेशानें लहान डिझेल एंजिनांच्या आयातीवरील निर्बंध सैल केले. स्वस्त चिनी एंजिनें आलीं. शेजाऱ्याच्या एंजिनाचें पाणी विकत घेणें अनेकांना सोयीचें झालें, आणि पायपंपाचें महत्त्व हळूहळू ओसरलें. दिवसाचे कित्येक तास पंपावर पाय मारण्याचें काम कोणी हौसेनें करीत नाहीं. सोपी वाट दिसली कीं माणूस ती धरणारच. पण या कारणानें पायपंप फसला असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. मधल्या वर्षांत त्यानें लाखों घरांत रोख पैसा आणला. किर्लोस्करवाडीचा कारखानाहि नांगरावर थांबला नाहीं. १९२६ सालीं तेथें पाणी उपसण्याचे पंप होऊं लागले.

याहून कठीण मर्यादा एक आहे. ज्याला वीस गुंठेहि जमीन नाहीं, त्याला पंप विकत घेण्याचें कारणच नाहीं, मग तो कितीहि स्वस्त असो. बाजार गिऱ्हाइकाला शोधतो. ज्याच्यापाशीं कांहींच नाहीं त्याला तो शोधीत येत नाहीं. शेजारच्या शेतांत बारमाही काम निघालें, तर त्याला अधिक दिवस मजुरी मिळते, एवढाच त्याचा वांटा. म्हणून स्वस्त अवजारांनीं दारिद्र्याचा सगळा प्रश्न सुटतो असें मानणाऱ्यांनीं भूमिहीनांची संख्या विसरूं नये. त्यांचा प्रश्न जमिनीचा, शिक्षणाचा आणि मजुरीच्या दराचा आहे. तो कोणत्याहि दुकानांत विकत मिळणाऱ्या वस्तूनें सुटणारा नाहीं.

ज्यांना थोडी कां होईना जमीन आहे, त्यांच्यासाठीं मात्र या मार्गाला पर्याय नाहीं. आज सौर शक्तीचे पंप, ठिबक सिंचनाचे लहान संच, धान्य मळण्याचीं व वाळविण्याचीं घरगुती यंत्रें प्रदर्शनांतून मांडलेलीं दिसतात. शहरांतील माणसें तीं कौतुकानें पाहतात आणि कधीं कधीं देणगीहि देतात. अशा वेळीं यंत्राची किंमत विचारून थांबूं नये. तें एका हंगामांत आपले पैसे परत देतें काय? त्याचा लवकर झिजणारा भाग कोणता, आणि तो तालुक्याच्या बाजारांत मिळतो काय? तें विकणाऱ्या दुकानदाराला त्यांत चार पैसे सुटतात काय? तें बसविणारा आणि दुरुस्त करणारा माणूस गांवापासून किती कोसांवर आहे? या प्रश्नांचीं उत्तरें नसतील, तर देणगी यंत्रांच्या खरेदींत न घालतां तीं उत्तरें निर्माण करण्यांत घालावी. कारागीर शिकविण्यास, प्रात्यक्षिकें करण्यास आणि खपाची खात्री होईपर्यंतचीं कोरडीं वर्षें निभावून नेण्यास तो पैसा लागतो. बेळगांवीं पहिले नांगर पडून राहिले, त्या काळांत नांगरांत कांहीं उणें नव्हतें. ती दोन वर्षें काढण्याचें बळ मात्र कोणाला तरी लागलेंच.